पंचाला हाक मारण्याचा हक्क

पत्त्यांच्या खेळातील तंटे कसे मिटवावेत, हा विषय दैनिकाच्या या पानावर यावा इतका मोठा आहे काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अस्थानी म्हणता येणार नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांपुढे पाणी, रस्ते, लोकलमधील गर्दी आणि सांडपाण्याने काळवंडलेली वालधुनी असे प्रश्न वर्षानुवर्षे उभे आहेत. त्यांच्या रांगेत शाळकरी मुलांच्या हातांतील रंगीत पत्त्यांना जागा देणे काहींना पोरकटपणाचे वाटेल. परंतु नियम म्हणजे काय, तो कोणासाठी असतो, त्याचा अर्थ कोणी लावायचा आणि निकाल आपल्याविरुद्ध गेला तर काय करायचे, हे माणूस प्रथम न्यायालयात किंवा नगरपरिषदेच्या सभागृहात शिकत नाही; खेळात शिकतो. तेथे जे वळण लागते तेच पुढे आयुष्यभर टिकते. म्हणून हा विषय दिसतो तितका क्षुल्लक नाही.

पत्ते या भागाला नवे नाहीत. बदलापूरहून सकाळी मुंबईकडे निघणाऱ्या लोकलमध्ये चौघांच्या गुडघ्यांवर एखादी बॅग आडवी ठेवून रंगणारा डाव हे मध्य रेल्वेच्या प्रवासाचे जुने चित्र आहे. मेंढीकोटात हुकूम बंद ठेवायचा की कट करायचा, खाली टाकलेले पान परत उचलता येते की नाही, यांवरून तेथे खटके उडतात आणि पुढचे स्टेशन येण्यापूर्वी ते मिटतातही. मिटतात याचे कारण तेथे कोणी पंच असतो असे नव्हे. तेच चार चेहरे उद्या त्याच डब्यात, त्याच खिडकीशी पुन्हा भेटायचे असतात. उद्याची भेट हाच तेथला पंच. आज मी एक हात सोडला तर उद्या तू एक सोडशील, हा अलिखित करार सगळ्या वादांच्या वर असतो. जेथे माणसे एकमेकांना ओळखतात आणि ओळखत राहणार असतात, तेथे लिखित नियमाची आणि तिऱ्हाईत पंचाची गरज फारशी भासत नाही.

अडचण येते ती अनोळखी माणसे समोरासमोर बसतात तेव्हा. आणि ही तीन शहरे मुळात अनोळखी माणसांचीच शहरे आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणीत १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला, १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि आजही तेथील माणूस पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर' सांगतो. अंबरनाथचे शिवमंदिर इ. स. १०६० चे, परंतु आजचे अंबरनाथ घडले ते आयुध निर्माणी आणि कारखाने यांच्याभोवती, नोकरीसाठी ठिकठिकाणांहून आलेल्या कुटुंबांचे. बदलापूरचे नाव तर लोकांच्या समजुतीप्रमाणे घोडे बदलण्याच्या मुक्कामावरूनच पडले. आता तेथे घोड्यांऐवजी घरे बदलणारी माणसे येतात. मुंबईत न परवडणारे घर बदलापुरात मिळाले म्हणून आलेले कुटुंब आपल्याबरोबर आपली भाषा, आपले सण आणि आपले खेळाचे नियमही घेऊन येते. नव्या संकुलाच्या आवारात पहिल्या महिन्यात जी भांडणे होतात त्यांतली निम्मीअर्धी 'आमच्याकडे असे खेळत नाहीत' या एका वाक्यापासून सुरू होतात. दोघेही मुलगे खरे बोलत असतात, आणि म्हणूनच भांडण मिटत नाही.

या पार्श्वभूमीवर पत्त्यांच्या एका नव्या जातीचा विचार करावयास हवा. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने रचलेला 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ १९९३ मध्ये बाजारात आला. १९९६ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनचे पत्ते आले. आपल्या मुलांना दुसरे नाव पहिल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. बावन्न पानांच्या कॅटपेक्षा हे खेळ एका मूलभूत बाबतीत वेगळे आहेत. येथे दोघांत मिळून एक कॅट नसतो. प्रत्येक खेळाडू आपण जमवलेल्या, देवघेव करून मिळवलेल्या पत्त्यांतून आपला गठ्ठा स्वतः बांधून आणतो. आणि बदामाची सत्ती जशी केवळ सत्ती असते तसा येथला पत्ता मुका नसतो. त्याच्यावर त्याचा स्वतःचा नियम छापलेला असतो. 'मॅजिक'मध्ये असे वीस हजारांहून अधिक निरनिराळे पत्ते आजवर निघाले आहेत आणि त्या खेळाची समग्र नियमावली दोनशे पानांच्या पुढे गेली आहे. वीस हजार वाक्यांपैकी कोणती दोन एकमेकांसमोर उभी ठाकतील आणि त्यांतून कोणता पेच उद्भवेल, याचा अंदाज खेळ रचणाऱ्यालाही आधी बांधता येत नाही. तंटा हा या खेळात अपघात नाही. तो त्याच्या रचनेतच आहे.

त्या खेळाच्या कर्त्यांनी ही गोष्ट मान्य केली आणि तंटा सोडवण्याची व्यवस्थाही खेळाइतक्याच काळजीने रचली, हे आमच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय आहे. नियमावलीच्या आरंभीच काही सुवर्णनियम दिले आहेत. पत्त्यावरील मजकूर आणि सर्वसाधारण नियम यांत विरोध आला तर पत्त्याचे वचन प्रमाण. एक पत्ता अमुक करता येते म्हणत असेल आणि दुसरा करता येत नाही म्हणत असेल, तर निषेध करणारा बलवान. एकाच्या उत्तरादाखल दुसरा आणि दुसऱ्यावर तिसरा असे पत्ते पडत गेले तर शेवटी पडलेल्याचे फळ आधी मिळते. ज्यांनी संस्कृत व्याकरणातील उत्सर्ग आणि अपवाद यांचा विचार ऐकला आहे, किंवा सामान्य वचनाला विशेष वचन बाधते हा मीमांसकांचा न्याय ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात परके असे काही वाटणार नाही. आपल्या पूर्वजांनी यज्ञविधीच्या वचनांसाठी जे केले तेच एका गणितज्ञाने करमणुकीच्या खेळासाठी केले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. जुन्या पत्त्यावरील छापील शब्द पुढे अपुरे किंवा संदिग्ध ठरतात; म्हणून प्रत्येक पत्त्याचा एक अधिकृत पाठ जाहीरपणे राखला जातो आणि वाद झाला तर हातातल्या छापील मजकुराऐवजी तो पाठ प्रमाण धरतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यामागेही पाठ ठरल्याखेरीज अर्थाची चर्चा व्यर्थ असते, हीच जाणीव होती. पत्त्यांच्या बाबतीत या गोष्टीला आपल्याकडे एक व्यावहारिक बाजूही आहे. आपल्या बाजारांत मिळणारे स्वस्त पोकेमॉन पत्ते बहुतांशी नकली असतात आणि त्यांवरील मजकूर अनेकदा अशुद्ध किंवा अर्थहीन असतो. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा जुना विनोद येथील लोकांनी हसून पचवला आहे, आणि हाती काही नसताना नव्याने धंदा उभा करणाऱ्या माणसांच्या हिकमतीचा तो एका अर्थी गौरवही आहे. पण नकली पँट घालून चालता येते. नकली नियम हाती घेऊन खेळता येत नाही.

आता एक प्रसंग कल्पनेने पाहू. अंबरनाथमधील एका गृहसंकुलाच्या सभागृहात सुटीतली पोकेमॉनची स्पर्धा चालू आहे. बारा वर्षांची दोन मुले उपान्त्य सामन्यात बसली आहेत. एकाने पत्ता टाकला. दुसरा म्हणाला, 'हा आता टाकता येत नाही.' पहिल्याचा आवाज चढला. मागे उभी असलेली मुले दोन्ही बाजूंनी बोलू लागली. कोणाचा तरी मोठा भाऊ पुढे झाला. आयोजक हे संकुलातील सज्जन गृहस्थ. त्यांना या खेळाचे ओ की ठो ठाऊक नाही. त्यांच्यापुढे तीन मार्ग असतात आणि तिन्ही आपल्या परिचयाचे आहेत. 'तुम्ही दोघे आपसांत मिटवा' हा पहिला. त्यात जो अधिक मोठ्याने ओरडतो तो जिंकतो. 'नाणे उडवा' हा दुसरा. त्यात जो बरोबर असतो त्याला आपण बरोबर असूनही नशिबाची भीक मागावी लागते. 'लहान आहे, त्याचे चालू दे' हा तिसरा. त्यात उदारपणा आयोजकाचा असतो आणि तोटा समोरच्या मुलाचा. तिन्ही मार्गांनी सामना पुरा होतो, टाळ्या वाजतात, फोटो निघतात. पण जो मुलगा नियम वाचून आला होता तो घरी जाताना एक धडा घेऊन जातो, की वाचण्याचा काही उपयोग नाही. हे नुकसान एका सामन्याचे नाही.

जेथे हे खेळ गांभीर्याने खेळले जातात तेथील व्यवस्था साधी आहे. शंका आली की कोणत्याही खेळाडूने हात वर करावा आणि पंचाला हाक मारावी; तोवर खेळ थांबतो. पंच दोघांचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकतो, टेबलावरची स्थिती पाहतो आणि निर्णय देतो. तो मान्य नसेल तर, निर्णय पूर्ण झाल्यावर, मुख्य पंचाकडे दाद मागता येते. मुख्य पंचाचा निर्णय अंतिम. या सगळ्यात एक मिनिटाहून अधिक वेळ गेला तर तितका वेळ सामन्याला वाढवून मिळतो, म्हणजे दाद मागणाऱ्याला वेळेचा दंड बसत नाही. चूक लहान असेल आणि खेळ मागे नेणे शक्य असेल तर तो चुकीपूर्वीच्या स्थितीला नेतात. फार गुंतागुंत झाली असेल तर आहे तसा पुढे चालवतात. शिक्षेच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत : ताकीद, एक डाव गमावणे, सामना गमावणे आणि शेवटी स्पर्धेतून हकालपट्टी. विसरून झालेली चूक आणि जाणूनबुजून केलेली लबाडी यांत स्पष्ट भेद केला जातो. सामन्याचा निकाल नाणे उडवून लावणे हा शिक्षापात्र प्रकार मानला जातो. प्रेक्षकाला चूक दिसली तर त्याने खेळाडूंना न सांगता पंचाला सांगावे, असा संकेत आहे. आपल्या मैदानांवर मागून सल्ले देणाऱ्यांची जी गर्दी असते ती पाहता हा एक संकेत जरी आपण उचलला तरी पुष्कळ झाले.

या व्यवस्थेतील एक तरतूद विशेष विचार करण्याजोगी आहे. मोठ्या स्पर्धांत एकाने चूक केली आणि समोरच्याच्याही ती लक्षात न येता डाव पुढे गेला, तर ताकीद दोघांनाही मिळू शकते. कारण टेबलावरील स्थिती बरोबर राखणे ही दोघांची सामाईक जबाबदारी मानली जाते. नियम हा प्रतिस्पर्ध्याला पकडण्याचा सापळा नसून दोघांनी मिळून सांभाळावयाची ठेव आहे, हा विचार आपल्या सार्वजनिक जीवनात किती दुर्मीळ आहे, ते सांगण्याची गरज नाही.

ब्रिजच्या जाणकारांना यात नवल वाटणार नाही. बावन्न पानांच्याच या खेळाला डुप्लिकेट स्पर्धांसाठी तपशीलवार कायदे आहेत आणि ते वेळोवेळी सुधारले जातात. २०१७ मध्ये त्यांची फेररचना झाली. त्या कायद्यांप्रमाणे एखाद्या अनियमिततेकडे लक्ष वेधले गेले की संचालकाला लगेच बोलावणे अपेक्षित असते. रंग हातात असून न देण्याची चूक झाली तर भरपाई किती हे संचालकच ठरवतो. महत्त्वाचे असे की, ज्याचे नुकसान झाले त्या खेळाडूलाही 'जाऊ दे, मी सोडून देतो' असे परस्पर म्हणण्याचा अधिकार नाही. फार तर तो संचालकाला तशी विनंती करू शकतो. आपल्या मनाला हे प्रथम कठोर वाटते. उदारपणावर बंदी कशासाठी? कारण असे की, स्पर्धेत त्या टेबलावर दोघेच बसलेले नसतात. शेजारच्या टेबलांवरील सर्वांचे निकाल याच्याशी बांधलेले असतात. माझा उदारपणा तिसऱ्या कोणाचे तरी स्थान खाली ढकलतो. ओळखीच्या माणसाला दिलेली सवलत ही अनोळखी माणसावर लादलेली शिक्षा असते, हे सत्य आपल्याकडे सरकारी कचेरीतही उमगत नाही.

पंच ही संस्था आपल्याला परकी आहे असे मात्र कोणी म्हणू नये. मराठीत गावचा तंटा सोडवणाऱ्यालाही पंच म्हणतात आणि क्रिकेटच्या मैदानावर उभ्या असलेल्यालाही पंचच म्हणतात. उल्हासनगरच्या सिंधी समाजाने पंचायत आणि मुखी ही परंपरा विस्थापनातही बरोबर आणली. पंचांमुखी परमेश्वर असे आपण म्हणतो, परंतु त्या मुखातून परमेश्वर केव्हा बोलतो याच्या अटी विसरतो. पंच वादात गुंतलेला नसावा, नियम त्याच्या इच्छेतून न येता त्याच्या आधीपासून सर्वांना ठाऊक असावा, आणि त्याने कारण सांगावे. आपल्या अनेक स्पर्धांत आयोजक, पुरस्कर्ता, एका संघाचा पाठीराखा आणि पंच ही चारही कामे एकच व्यक्ती किंवा तिचे कार्यकर्ते करतात. व्यासपीठावर ज्याचे छायाचित्र मोठे, त्याच्या गल्लीतील संघाविरुद्ध निकाल देण्याचे धैर्य बिनपगारी पंचाने कोठून आणावे? दोष त्या पंचाचा नाही; त्याला एकटे उभे करणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

नियम आधी पक्का नसेल तर किती मोठ्या पातळीवर फजिती होते हे ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोच्या आशियाई क्रीडास्पर्धेत दिसले. पुरुषांच्या कबड्डीचा अंतिम सामना, भारत आणि इराण २८-२८ अशा बरोबरीत, अखेरचा मिनिट जवळ आलेला. भारताचा पवन सेहरावत चढाईत कोणाला स्पर्श न होता लॉबीत गेला आणि त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही गेले. आता बाद कोणाला धरायचे? एका नियमाप्रमाणे एक उत्तर, दुसऱ्याप्रमाणे दुसरे. निर्णय फिरत राहिला, खेळाडू मैदानावर बसले, सामना सुमारे तासभर खोळंबला. अखेर भारताने तो ३३-२९ असा जिंकला. सुवर्णपदकाचा आनंद आपल्या सर्वांना झाला. परंतु कबड्डीचे नियम पहिल्यांदा लिहून काढण्यात ज्या महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे, त्या महाराष्ट्रातील कबड्डीप्रेमीला त्या तासाने खिन्नही केले असेल. कोणता नियम लागू आहे, हे सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला ठरवावयाची गोष्ट नव्हती.

याच्या उलट उदाहरण १४ जुलै २०१९ च्या लॉर्ड्सवरील विश्वचषक अंतिम सामन्याचे. गप्टिलची फेक स्टोक्सच्या बॅटीला लागून सीमेपार गेली आणि पंचांनी सहा धावा दिल्या. फेकीच्या क्षणी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडले नव्हते, तेव्हा नियमाने पाचच व्हावयास हव्या होत्या. कुमार धर्मसेना यांनी पुढे आपली चूक कबूलही केली. सामना बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली आणि अधिक चौकारांच्या हिशेबाने इंग्लंड विजेता ठरला. त्या हिशेबावर जगभर टीका झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने तो नियम बदलला. नियम बदलला, निकाल बदलला नाही. न्यूझीलंडच्या खेळाडूंनी ज्या संयमाने हे सोसले त्याला तोड नाही. अंतिम निर्णय म्हणजे अचूक निर्णय नव्हे. अंतिम निर्णयाची गरज असते कारण त्याखेरीज खेळ संपत नाही. आणि चुकीची दुरुस्ती व्हावयाची ती पुढच्या खेळाच्या नियमात, मागच्या खेळाच्या निकालात नव्हे.

नियम मोठ्या माणसालाही लागू असतो काय, या प्रश्नाला बुद्धिबळाने २०२४ च्या डिसेंबरात एकाच आठवड्यात दोन उत्तरे दिली. न्यूयॉर्कच्या जागतिक जलद स्पर्धेत मॅग्नस कार्लसन जीन्स घालून आला. पंचांनी त्याला दोनशे डॉलर दंड केला, आणि त्याच दिवशी कपडे बदलण्यास त्याने नकार दिल्यावर पुढच्या फेरीत त्याला घेतले नाही. तो स्पर्धेतून बाहेर पडला. नियम शहाणपणाचा होता की नाही यावर मतभेद संभवतात, पण तो लिहिलेला होता आणि जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला लावला गेला. पुढे नियम सैल झाला, कार्लसन अतिजलद स्पर्धेला परतला, आणि अंतिम सामना बरोबरीत राहिल्यावर त्याने व नेपोम्नियाश्ची याने विजेतेपद वाटून घेण्याची इच्छा व्यक्त केली. संघटनेने ती मान्य केली. या दुसऱ्या निर्णयावर टीका झाली ती योग्यच होती. दोन बलाढ्य खेळाडूंनी आपसांत ठरवावे आणि यंत्रणेने मान डोलवावी, हे खेळाच्या पटावर घडले काय किंवा नगरपालिकेच्या निविदेत घडले काय, त्याचा अर्थ एकच.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की, मुलांच्या खेळात इतकी कायदेबाजी आणली तर मौज उरणार नाही. हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर त्याच खेळांनी दिलेले आहे. 'मॅजिक'मध्ये स्पर्धेच्या महत्त्वाप्रमाणे कडकपणाच्या पातळ्या ठरवल्या आहेत. दुकानात आठवड्याला होणाऱ्या साध्या स्पर्धेत पंचाचे मुख्य काम शिक्षा करण्याचे नसून शिकवण्याचे असते. पोकेमॉनमध्ये वयाप्रमाणे गट असतात. दुसरा आक्षेप असा की, नियमांचा कीस काढणारी मुले पंचाला उगाच बोलावून समोरच्याला जेरीस आणतील. काही आणतीलही. त्यासाठी वेळकाढूपणाला वेगळी शिक्षा असते. पण त्या भीतीने हाक मारण्याचा हक्कच काढून घेणे म्हणजे खोटी फिर्याद होते म्हणून चौकी बंद करण्यासारखे आहे. तिसरा आक्षेप पालकांच्या मनातला, बहुधा न बोललेला : पत्ते म्हणजे शेवटी जुगारच. पत्ते कुटणे हा शब्दप्रयोगच आपल्या समाजाचे मत सांगतो. परंतु रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच म्हटले आहे, आणि ब्रिजमध्ये प्रणव बर्धन व शिवनाथ डे सरकार यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. शिवाय पत्त्यांना आपण लपवण्याची गोष्ट मानले म्हणूनच त्यांच्याभोवती उघड नियम आणि उघड पंच कधी उभे राहिले नाहीत. जेथे पंच नसतो तेथे पैसा शिरतो, आणि पैशाच्या मागे गुद्दे येतात.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या सूचना फार खर्चाच्या नाहीत. सुटीत, गणेशोत्सवात आणि नवरात्रात या तीन शहरांतील मंडळे आणि गृहसंकुले कॅरम, बुद्धिबळ, पत्ते, कबड्डी, क्रिकेट अशा स्पर्धा भरवतात. प्रत्येक स्पर्धेच्या जाहिरातीत बक्षिसाच्या रकमेइतक्याच ठळक अक्षरांत तीन गोष्टी छापाव्यात : कोणती नियमपुस्तिका लागू आहे, पंच कोण आहेत, आणि दाद कोणाकडे, किती वेळात मागता येईल. पंच शेजारच्या शहरातून आणावा. अंबरनाथच्या स्पर्धेला बदलापूरचा, बदलापूरच्या स्पर्धेला उल्हासनगरचा. लोकलने काही मिनिटांचे अंतर आहे आणि त्या काही मिनिटांत पुष्कळ दडपणे मागे राहतात. पंचाला मानधन द्यावे, थोडे का होईना. फुकट काम करणाऱ्याला उपकाराची भाषा ऐकावी लागते. आणि उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा यांनी आपले सभागृह किंवा मैदान स्पर्धेसाठी देताना या अटी पुऱ्या झाल्या आहेत की नाही एवढेच पाहावे. त्यापलीकडे खेळात हात घालू नये.

याहून महत्त्वाची सूचना मात्र कोणत्याही अर्जात लिहिता येण्याजोगी नाही. पंचाला बोलावणे हा समोरच्याचा अपमान नाही, हे मुलांना शिकवावे लागेल. आपल्याकडे 'साहेबांना विचारू' असे म्हटले की समोरचा ते मनाला लावून घेतो. माझ्या शब्दावर तुझा विश्वास नाही काय, असे विचारतो. या एका सवयीने आपण किती साधे प्रश्न अब्रूचे प्रश्न करून टाकले आहेत! वास्तविक पंचाला हाक मारणारा मुलगा एवढेच म्हणत असतो की, तू खोटा आहेस असे मी म्हणत नाही, मी खरा आहे असेही म्हणत नाही; आपण दोघेही चुकू शकतो, तेव्हा ज्याला ठाऊक आहे त्याला विचारू. याहून सभ्य वाक्य दुसरे कोणते असेल?

निरनिराळ्या गावांहून, एकदा तर फाळणीमुळे दुसऱ्या देशातून, आलेल्या माणसांनी ही तीन शहरे उभी केली. त्यांच्यात रक्ताचे नाते नव्हते, भाषा एक नव्हती, खेळाचे नियमही एक नव्हते. अशा माणसांना शेजारी म्हणून राहावयाचे असेल तर त्यांच्यामध्ये नात्याच्या जागी नियम लागतो आणि वडीलधाऱ्याच्या जागी पंच लागतो. हे आपल्या मुलांना कळण्यासाठी नागरिकशास्त्राच्या पुस्तकाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या सुटीत संकुलाच्या सभागृहात दोन मुले पत्ते मांडून बसतील, एकाला शंका येईल, तो आवाज न चढवता हात वर करील. त्या वेळी त्याच्याकडे चालत येणारा कोणीतरी तेथे असला पाहिजे, एवढेच आमचे मागणे आहे.